जखमेचे मोल आणि ग्रोव्हर क्लीव्हलंड

१८८६ सालच्या वसंतात एके दिवशी वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसमध्ये अध्यक्षांच्या टेबलावर सुमारे २४० विधेयके एकदम येऊन पडली. त्यांत परराष्ट्र धोरणाचा प्रश्न नव्हता, चलनाचाही नव्हता. प्रत्येक विधेयक एकेका माणसाविषयी होते. अमुक सैनिकास दरमहा इतके डॉलर पेन्शन द्यावी, तमुक विधवेचे नाव यादीत पुन्हा घालावे, अमक्याच्या रकमेत वाढ करावी. घटनेप्रमाणे रविवार वगळून दहा दिवसांच्या आत अध्यक्षांनी त्यांवर सही करावयाची किंवा कारणे देऊन ती परत पाठवावयाची. दोहोंपैकी काहीच केले नाही तर, काँग्रेसचे अधिवेशन चालू असता, विधेयक आपोआप कायदा बनते. असे गठ्ठे सामान्यतः न वाचताच हातावेगळे करण्याचा प्रघात होता. ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी दिवा जवळ ओढला आणि एकेक कागद वाचावयास घेतला.

या कागदांची कुळकथा वीस-बावीस वर्षे मागे जाते. १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने वीस लाखांहून अधिक माणसे लढली. सुमारे तीन लाख साठ हजार प्राणांस मुकली आणि त्यांतील बहुसंख्य हगवण, विषमज्वर, गोवर अशा रोगांनी छावणीतच गेली. युद्ध चालू असतानाच, १४ जुलै १८६२ रोजी, लिंकन यांच्या राजवटीत पेन्शनचा मूळ कायदा झाला. त्याचे सूत्र साधे होते. सेवेत असताना झालेली जखम किंवा जडलेला रोग यांमुळे जे अपंगत्व येईल त्याची भरपाई सरकारने करावयाची. साध्या सैनिकास पूर्ण अपंगत्वाबद्दल दरमहा आठ डॉलर, लेफ्टनंट कर्नल व त्यावरील अधिकाऱ्यास तीस. राष्ट्राने आपल्या सैनिकाचे मान्य केलेले हे ऋण होते. परंतु ऋण म्हटले की ते किती, कोणास आणि कोणत्या पुराव्यावर फेडावयाचे, हे प्रश्न आलेच.

ज्या गृहस्थांनी हे प्रश्न अध्यक्षांच्या आसनावरून विचारले, ते स्वतः त्या युद्धात लढले नव्हते. पुढील साऱ्या वादाला या गोष्टीची किनार आहे.

क्लीव्हलंड यांचा जन्म १८ मार्च १८३७ रोजी न्यू जर्सीतील कॉल्डवेल या गावी झाला. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक; घरात नऊ मुले आणि मिळकत बेताची. १८५३ साली वडील वारले तेव्हा ग्रोव्हर सोळा वर्षांचे होते. कॉलेजचे शिक्षण तेथेच राहिले. थोरल्या भावाच्या ओळखीने न्यूयॉर्कमधील अंधशाळेत त्यांनी एक वर्ष साहाय्यक शिक्षकाची नोकरी केली. अपंगत्व म्हणजे काय हे त्यांना मुळीच ठाऊक नव्हते, असे म्हणणाऱ्यांनी हे एक वर्ष विसरू नये. त्यानंतर बफलो शहरात एका वकिलाच्या कचेरीत कारकुनी करीत करीत त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १८५९ साली सनद मिळविली.

१८६३ साली सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा आला. त्यात एक पळवाट कायद्यानेच ठेविली होती. ज्याचे नाव निघेल त्याने तीनशे डॉलर भरून सूट घ्यावी किंवा आपल्या जागी बदली माणूस द्यावा. क्लीव्हलंड यांचे दोन भाऊ आघाडीवर होते, आई व बहिणी यांच्या चरितार्थाचा भार यांच्यावर होता. त्यांनी जॉर्ज बेनिन्स्की नावाच्या एका पोलिश स्थलांतरिताला दीडशे डॉलर दिले आणि तो त्यांच्या जागी सैन्यात गेला. सुदैवाने तो युद्धातून जिवंत परतला. कायद्याच्या दृष्टीने यात गैर काही नव्हते. पुढे सावकारीच्या जगात सम्राटपद मिळविणारे जे. पी. मॉर्गन यांनीही बदलीच दिला होता. तथापि ज्यांच्या घरात तीनशेच काय, तीस डॉलरही एकरकमी दिसत नव्हते, त्यांची मुले मात्र गेली. शरीराच्या धोक्याला बाजारभाव असतो, ही गोष्ट त्या कायद्याने उघडपणे मान्य केली होती; आणि वीस वर्षांनंतर तीच गोष्ट पेन्शनच्या रूपाने दुसऱ्या बाजूने पुढे आली.

वकिलीनंतर क्लीव्हलंड यांची राजकीय चढण फारच वेगाने झाली. १८७१ ते १८७३ ईरी परगण्याचे शेरीफ, १८८२ साली बफलोचे महापौर, १८८३ साली न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर आणि ४ मार्च १८८५ रोजी अमेरिकेचे बाविसावे अध्यक्ष. या साऱ्या प्रवासात त्यांचे एकच शस्त्र होते, नकाराधिकार. महापौर असताना शहीददिनाच्या समारंभासाठी माजी सैनिकांच्या संघटनेला नगरपालिकेच्या निधीतून पैसे देण्याचा ठराव त्यांनी फेटाळला, कारण करदात्यांचा पैसा असा देणगीदाखल वाटता येत नाही. मग स्वतःच्या खिशातून वर्गणी मात्र काढून दिली. सगळा माणूस या एका प्रसंगात दिसतो. दातृत्व हे ज्याच्या त्याच्या पदरचे असावे, सरकारच्या तिजोरीतून फक्त देणे फेडावे, अशी ही विचारसरणी. १८८४ च्या निवडणुकीत त्यांच्या बदलीचा मुद्दा फारसा चालला नाही. कारण प्रतिस्पर्धी जेम्स ब्लेन यांनीही बदलीच पाठविला होता. योगायोग असा की, नव्या अध्यक्षांच्या सन्मानार्थ झालेला नृत्यसमारंभ पेन्शन खात्याच्या नव्या, अर्धवट बांधलेल्या इमारतीत पार पडला. ती लाल विटांची प्रचंड वास्तू, आणि तिच्या चारही भिंतींवर सभोवार कोरलेली चालत्या सैनिकांची रांग, आजही वॉशिंग्टनमध्ये उभी आहे.

खात्याला एवढी इमारत का लागावी, याचे उत्तर १८७९ च्या थकबाकी कायद्यात आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत अध्यक्ष हेज यांनी सही केलेल्या या कायद्याने, नव्याने मंजूर होणारी पेन्शन सैन्यातून सुटल्याच्या तारखेपासून मोजावयाची असे ठरले. म्हणजे चौदा-पंधरा वर्षांची रक्कम एकदम हातात! ज्यांना आपल्या जुन्या दुखण्याचा विसर पडला होता त्यांना ते आठवू लागले. ज्यांना आठवत नव्हते त्यांना आठवण करून देणारे पेन्शनचे दलाल गावोगावी उभे राहिले. दर अर्जामागे दलालाला दहा डॉलर मिळत. वॉशिंग्टनमधील जॉर्ज लेमन या दलालाने तर माजी सैनिकांसाठी स्वतंत्र वृत्तपत्रच चालविले. त्यात सैनिकांच्या आठवणीही येत आणि अर्ज करण्याचे आवाहनही. हजारो अर्ज खोटे नव्हते, हे लगेच सांगितले पाहिजे. छावणीत जडलेली हगवण आयुष्यभर माणसाला पोखरीत असे आणि तिचा पुरावा मात्र काहीच नसे. त्या वेळचा अधिकारी मेलेला, रुग्णालयाच्या नोंदी हरवलेल्या, सोबती पश्चिमेकडे निघून गेलेले. गुलामगिरीतून सुटून उत्तरेच्या सैन्यात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांजवळ तर जन्माचा आणि विवाहाचाही कागद नव्हता. दुखणे सेवेमुळेच जडले हे कोणी सिद्ध करावयाचे, हा प्रश्न कोणत्याही देशातील सैनिकी पेन्शनच्या मुळाशी असतो; आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली, भरतीच्या वेळी ज्या व्याधीची नोंद नाही तिच्याबाबत गृहीत सैनिकाच्या बाजूने धरावे, असा निर्वाळा दिला तो याच प्रश्नावर. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत हा भार अर्जदाराच्या शिरावर होता. खात्याने अर्ज नाकारला की तो आपल्या मतदारसंघातील प्रतिनिधीकडे जाई. प्रतिनिधी त्याच्या नावाचे खाजगी विधेयक मांडी आणि रिकाम्या सभागृहात असली विधेयके डझनांनी मंजूर होत. कोणीही कोणाला विरोध करीत नसे, कारण पुढचे विधेयक आपल्याच माणसाचे असे.

क्लीव्हलंड यांच्या टेबलावर येऊन पडत होते ते हे कागद. त्यांनी वाचले तेव्हा त्यांना काय काय आढळले! एक अर्जदार सैन्यात नाव घालावयास निघाला असता वाटेतच घोड्यावरून अपघात होऊन घोट्याला इजा झालेला. सैन्यात तो कधी दाखल झालाच नाही. दुसऱ्याचा पाय रानभाजी खुडताना खड्ड्यात पडून मोडलेला. एका विधवेचा पती घुबडावर नेम धरणाऱ्या शेजाऱ्याच्या गोळीने चुकून मेलेला. अशा विधेयकांवर त्यांनी एकामागून एक नकार लिहिले. त्याच जून महिन्यात व्हाइट हाउसमध्ये त्यांचा विवाह झाला होता, परंतु लेखणी थांबली नाही. त्यांच्या आधीच्या एकवीस अध्यक्षांनी मिळून सुमारे दोनशे वेळा नकाराधिकार वापरला होता. क्लीव्हलंड यांनी पहिल्या चार वर्षांतच चारशेहून अधिक वेळा वापरला, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक नकार पेन्शनच्या विधेयकांना होते.

ही आकडेवारी त्यांच्या शत्रूंनी घरोघर पोहोचविली. तिची दुसरी बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. नाकारली त्यांच्या कितीतरी पट अधिक खाजगी पेन्शन विधेयके त्यांनी मान्य केली. १८८६ साली विधवांची पेन्शन आठ डॉलरांवरून बारा करणाऱ्या कायद्यावर त्यांचीच सही आहे. हात किंवा पाय गमावलेल्यांचे दर वाढविणाऱ्या त्याच वर्षीच्या कायद्यावरही आहे. ज्याचा हात तुटला त्याला अधिक द्यावे आणि ज्याचे काहीच तुटले नाही त्याला देऊ नये, हा त्यांचा हिशेब होता.

तो बिघडला तो भाषेमुळे. नकाराच्या संदेशांत क्लीव्हलंड कारणे देऊन थांबले नाहीत, थट्टाही केली. युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत भरती होऊन थोड्याच दिवसांत गोवराने आजारी पडलेल्या एका सैनिकाच्या प्रदीर्घ सेवेचा आणि गोवराशी दिलेल्या घनघोर झुंजीचा त्यांनी उपहास केला. पेन्शनचा तो अर्ज कदाचित फेटाळण्याजोगाच असेल. परंतु त्या युद्धाच्या छावण्यांत गोवराने हजारो तरुण शेतकरी मुले मेली होती, कित्येकांच्या फुप्फुसांत व डोळ्यांत तो कायमचा विकार ठेवून गेला होता. ज्याने दीडशे डॉलर देऊन आपल्या जागी दुसरा माणूस पाठविला त्याने हे लिहावयास नको होते. लबाडांच्या पंक्तीत बसविल्याची भावना खऱ्या रोग्यांतही पसरली. सुक्याबरोबर ओलेही जळाले. हिशेबनिसाला हिशेब विचारण्याचा अधिकार असतो, ज्याच्याकडे हिशेब मागावयाचा त्याची टिंगल करण्याचा नसतो.

यानंतरचा सामना मोठा होता. १८८७ च्या प्रारंभी काँग्रेसने अवलंबितांच्या पेन्शनचे विधेयक मंजूर केले. किमान तीन महिने सेवा करून सन्मानाने मुक्त झालेला आणि आता स्वतःच्या श्रमाने पोट भरण्यास असमर्थ झालेला कोणीही माजी सैनिक दरमहा बारा डॉलर मिळण्यास पात्र ठरणार होता. अपंगत्व युद्धातून आले की पुढे आले हे पाहावयाचे नव्हते. ११ फेब्रुवारी १८८७ रोजी क्लीव्हलंड यांनी ते परत पाठविले. युद्ध संपून वीसच वर्षे झाली असता, जखमेशी संबंध नसलेली पेन्शन देण्याची प्रथा नाही. असमर्थ या शब्दाची व्याख्या सैल आहे. आणि अशा कायद्याने प्रामाणिक माणसालाही दुबळेपणाचे सोंग आणण्याचा मोह होईल, असे त्यांचे म्हणणे होते. युक्तिवाद भक्कम होता, वेळ मात्र चुकली होती. जेमतेम दोनच आठवड्यांपूर्वी मेक्सिकोच्या युद्धात लढलेल्या वृद्धांना जवळजवळ अशीच पेन्शन देणाऱ्या कायद्यावर त्यांनी सही केली होती. ते युद्ध चाळीस वर्षांपूर्वीचे, हे उत्तर तर्काला धरून होते. पण त्या वृद्धांत दक्षिणेकडील माणसे पुष्कळ होती, आणि क्लीव्हलंड यांचा डेमोक्रॅटिक पक्ष दक्षिणेच्या मतांवर उभा होता. उत्तरेकडील सैनिकाने यातून जो अर्थ काढावयाचा तो काढला. नकार डावलण्यासाठी लागणारी दोन तृतीयांश मते प्रतिनिधिगृहात मिळाली नाहीत, एवढेच.

त्याच जूनमध्ये युद्धात जिंकलेले दक्षिणेचे ध्वज परत करण्याच्या लष्करखात्याच्या आदेशाला अध्यक्षांनी मान्यता दिली, आणि ठिणगीची आग झाली. माजी सैनिकांची बलाढ्य संघटना ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक खवळून उठली. तिचे प्रमुख ल्यूशस फेअरचाइल्ड यांनी जाहीर शिव्याशाप दिले. गेटिसबर्गच्या लढाईत डावा हात गमावलेल्या माणसाला कोण अडविणार? आदेश मागे घेण्यात आला. सेंट लुइस येथील संघटनेच्या मेळाव्याला जाण्याचा बेत अध्यक्षांना सोडून द्यावा लागला. हेच ध्वज १९०५ साली काँग्रेसच्या ठरावाने परत गेले, तेव्हा कोणी ब्रही काढला नाही.

या भावनांच्या धुरळ्यामागे एक रोकडा आर्थिक व्यवहार चालू होता आणि तो क्लीव्हलंड यांनी अचूक हेरला. त्या दशकात अमेरिकेच्या तिजोरीत खर्च भागून दरवर्षी साधारणपणे दहा कोटी डॉलरांच्या आसपास शिल्लक राहत होती. हे उत्पन्न मुख्यतः आयात जकातीचे. कापड, साखर, लोखंडी अवजारे अशा नित्याच्या वस्तूंवर ती बसे आणि ती भरीत असे सामान्य गिऱ्हाईक, दक्षिणेतील कापूस पिकविणाराही. चलनातील पैसा तिजोरीत कोंडून राही. तो बाहेर काढण्यासाठी मुदत न भरलेले सरकारी रोखे चढ्या भावाने विकत घेण्याची पाळी सरकारवर येई. सरळ उपाय म्हणजे जकात कमी करावयाची. परंतु जकातीच्या आडोशाने उत्तरेतील कारखाने पोसले जात होते. जकात टिकवावयाची तर शिल्लक खर्चिली पाहिजे, आणि खर्च असा हवा की ज्याला विरोध करण्याची कोणाची छाती होऊ नये. जखमी सैनिकाची पेन्शन हा तो खर्च. दक्षिणेच्या पराभूत सैनिकाला केंद्राची पेन्शन नव्हतीच; त्याने जकात भरावयाची आणि पेन्शन उत्तरेत वाटली जावयाची. सैनिकाचे दुखणे खरे होते; ते पुढे करून धंदा साधणाऱ्यांचा हेतू निराळा होता. डिसेंबर १८८७ चा वार्षिक संदेश क्लीव्हलंड यांनी संपूर्णपणे जकातीच्या प्रश्नाला वाहिला. निवडणूक वर्षावर आली असता असे करू नका, असे मित्रांनी विनविले होते.

१८८८ च्या निवडणुकीत त्यांना देशभरात सुमारे नव्वद हजार मते अधिक पडली, आणि तरीही न्यूयॉर्क व इंडियाना ही राज्ये गेल्यामुळे अध्यक्षपद गेले. पेन्शनमुळेच ते हरले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. जकात होती, पक्षांतर्गत लाथाळ्या होत्या. नवे अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन हे स्वतः युद्धातील सेनाधिकारी होते. त्यांनी पेन्शन आयुक्त म्हणून नेमले जेम्स टॅनर यांना. वयाच्या अठराव्या वर्षी, १८६२ साली, बुल रनच्या दुसऱ्या लढाईत त्यांचे दोन्ही पाय गेले होते. टॅनर यांनी जुन्या पेन्शनी न मागताच वाढविण्यास आरंभ केला, खुद्द खात्यातील नोकरांच्याही वाढविल्या, आणि सहा महिन्यांतच त्यांना जावे लागले. २७ जून १८९० रोजी हॅरिसन यांनी नवा कायदा केला. नव्वद दिवसांची सेवा, सन्मानाने मुक्ती आणि कोणत्याही कारणाने आलेले अपंगत्व, एवढे पुरे. मात्र ते स्वतःच्या दुर्व्यसनाचे फळ नसावे. दरमहा सहा ते बारा डॉलर. क्लीव्हलंड यांनी जे नाकारले होते त्याहून हा कायदा सैल होता. १८९० मध्ये पेन्शनधारक सुमारे पाच लाख अडतीस हजार होते, १८९३ मध्ये ते नऊ लाख सहासष्ट हजार झाले. खर्च पंधरा कोटी डॉलरांच्या पुढे, म्हणजे केंद्राच्या एकंदर खर्चाच्या दोन पंचमांश. शिलकीचा प्रश्न सुटला. शिल्लक संपली.

१८९३ साली क्लीव्हलंड पुन्हा अध्यक्ष झाले तेव्हा तिजोरी ओढगस्तीत आणि देश आर्थिक अरिष्टात सापडला होता. त्यांनी कायद्याला हात घातला नाही. गेटिसबर्गला लढलेले विल्यम लॉक्रन यांना आयुक्त नेमून मंजूर प्रकरणांची फेरतपासणी सुरू केली. त्यात मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती चार्ल्स लाँग यांचे प्रकरण निघाले. युद्धात त्यांचा एक हात गेला होता. ज्याला दुसऱ्या माणसाच्या नित्य मदतीवाचून चालत नाही अशासाठी असलेला दरमहा ७२ डॉलरांचा दर ते घेत होते आणि त्याच वेळी न्यायासनावरचे काम पूर्ण वेतनावर पार पाडीत होते. त्यांची रक्कम कमी केली तेव्हा ते न्यायालयात गेले. त्यांची बाजू निराधार होती काय? हात तर गेलाच होता, आणि न्यायमूर्ती झाल्याने तो परत आला नव्हता. पेन्शन ही गेलेल्या हाताची किंमत असेल तर पगाराशी तिचा संबंध नाही. ती कमाई बुडाल्याची भरपाई असेल तर पगारदाराला ती का द्यावी? १८६२ च्या कायद्याने, १८९० च्या कायद्याने आणि क्लीव्हलंड यांच्या शेकडो नकारांनीही या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. काँग्रेसने मात्र डिसेंबर १८९३ मध्ये, तीस दिवसांची सूचना दिल्याखेरीज कोणाचीही पेन्शन रोखता येणार नाही, असा कायदा करून खात्याचे हात बांधले. त्याने निदान एक रीत घालून दिली, आणि ती रीत योग्यच होती.

त्याच उन्हाळ्यात, १ जुलै १८९३ रोजी, एका खाजगी नौकेवर क्लीव्हलंड यांच्या जबड्यावर गुप्तपणे शस्त्रक्रिया झाली. टाळूवरील गाठीसह वरच्या जबड्याचा बराच भाग काढण्यात आला. बाजार आणखी कोसळू नये म्हणून लोकांना दातदुखीचे कारण सांगितले गेले. पुढील सारी वर्षे ते रबराची कृत्रिम टाळू बसवून बोलत होते, आणि ती काढली असता त्यांचे बोलणे कोणास समजत नसे. शस्त्रक्रियेची खरी हकीगत त्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, १९१७ साली, एका शल्यवैद्यांनी प्रसिद्ध केली. इतरांच्या अपंगत्वाचे दाखले बारकाईने तपासणाऱ्या या गृहस्थांनी स्वतःच्या अपंगत्वाचा दाखला कोणालाच दाखविला नाही.

१८९७ साली ते प्रिन्स्टन येथे निवृत्त झाले आणि २४ जून १९०८ रोजी तेथेच निधन पावले. त्याच्या आदल्या वर्षी, १९०७ साली, काँग्रेसने वय हीच पात्रता मानून यादवी युद्धातील बासष्ट वर्षांवरील सैनिकांना पेन्शन लागू केली होती. दाखल्यांची व दुखण्यांची छाननी अनेकांपुरती तेथे संपली. त्या युद्धापोटी दिली जाणारी अखेरची पेन्शन मात्र २०२० सालच्या मे महिन्यात बंद झाली. नॉर्थ कॅरोलिनातील एका सैनिकाची ती नव्वद वर्षांची कन्या होती. बाप आधी दक्षिणेच्या सैन्यातून पळाला होता, मग उत्तरेकडून लढला होता, आणि त्याच्या उतारवयात झालेल्या या मुलीला बौद्धिक अपंगत्वामुळे सैनिकाचे असहाय अपत्य म्हणून दरमहा ७३ डॉलर १३ सेंट मिळत होते.